एका आज्ञेमागची पन्नास वर्षे

लिनक्स असलेल्या संगणकावर डेटाबेस सर्व्हर बसवणे आज फार सोपे झाले आहे. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, 'सुडो एपीटी इन्स्टॉल पोस्टग्रेस्क्यूएल' एवढी एक ओळ टाइप करायची, पासवर्ड द्यायचा आणि दोन-चार मिनिटे थांबायचे. तेवढ्या वेळात बरेच काही घडते. दूरच्या भांडारातून सॉफ्टवेअर उतरते. ते खरोखर त्याच भांडारातले आहे का, वाटेत कुणी त्यात भेसळ केली नाही ना, याची सही तपासली जाते. सोबत लागणाऱ्या इतर गोष्टी आपोआप येतात. 'पोस्टग्रेस' नावाचा एक वेगळा वापरकर्ता तयार होतो, डेटा ठेवण्याची जागा आखली जाते आणि सर्व्हर सुरू होतो. कुणी पैसे मागत नाही, कुणी परवाना विचारत नाही.

ज्या गोष्टीला श्रम पडत नाहीत, तिचा इतिहास आपण सहसा विचारत नाही. पण या एका ओळीमागे पन्नासहून अधिक वर्षांचा झगडा आहे. नोंदी कशा ठेवायच्या, त्या कोणत्या यंत्रावर ठेवायच्या आणि त्या ठेवण्याचे साधन कुणाच्या मालकीचे असावे, हे त्यातले तीन प्रश्न. तिन्हींची उत्तरे बऱ्याच अंशी मिळाली. चौथा प्रश्न, म्हणजे नोंदी सांभाळायच्या कुणी, तो मात्र ती ओळ टाइप करणाऱ्याकडेच राहिला आहे. आपल्याकडची वाचनालये, पतसंस्था, शाळा, मदरसे, मशिदींचे आणि देवस्थानांचे ट्रस्ट आता वह्यांकडून संगणकाकडे वळत आहेत. म्हणून हा इतिहास आपल्यालाही लागू आहे.

'दप्तर' हा शब्द मराठीत फारसीतून आला. कागदपत्रांचा गठ्ठा, तो ठेवायची जागा आणि ते सांभाळणारी कचेरी, हे सगळे त्या एका शब्दात मावते. संगणकाच्या सुरुवातीच्या काळातले दप्तरही असेच होते. कोणता गठ्ठा कुठे आहे हे दप्तरदाराला ठाऊक. तो नसला की सगळे अडले.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेसाठी लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवायला आयबीएमने इतर कंपन्यांसोबत 'आयएमएस' नावाची प्रणाली तयार केली. ती १९६८ मध्ये चालू झाली. तिच्यातली माहिती झाडासारखी रचलेली होती: मोठ्या भागाखाली लहान भाग, त्याखाली आणखी लहान. वरून खाली जायचे असेल तर काम झपाट्याने होई. पण 'हा एक स्क्रू कोणकोणत्या यंत्रांत वापरला आहे?' असा उलटा प्रश्न विचारला की अडचण येई. माहितीपर्यंतची वाट प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असे. रचना बदलली की प्रोग्रॅम मोडत. प्रणाली बसवायची ती कंपनीच्या माणसांनी, कंपनीच्याच प्रचंड यंत्रावर, आणि त्या यंत्राचे भाडेही मोठे.

आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एडगर कॉड नावाचा गणिती काम करत होता. जन्माने इंग्रज असलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. जून १९७० मध्ये त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. ती कुठे, कोणत्या क्रमाने साठवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही. दोन तक्त्यांचा संबंध वाटांनी किंवा खुणांनी नव्हे, तर तक्त्यात लिहिलेल्या मूल्यांनीच लागला पाहिजे.

वाचनालयाचे उदाहरण घेऊ. एका तक्त्यात सभासद, दुसऱ्यात पुस्तके, तिसऱ्यात देवघेव. देवघेवीच्या तक्त्यात फक्त सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक आणि तारीख. आता 'या सभासदाने कोणती पुस्तके नेली?' हे विचारा किंवा 'हे पुस्तक कुणाकुणाकडे गेले?' हे विचारा, दोन्हींची उत्तरे त्याच तीन तक्त्यांतून मिळतात. कोणता प्रश्न विचारला जाईल हे आधी ठरवून ठेवावे लागत नाही. गणितात अशा तक्त्याला 'रिलेशन' म्हणतात, म्हणून हा 'रिलेशनल' डेटाबेस. माहिती दप्तरदाराच्या डोक्यातल्या वाटेतून सुटली ती इथे.

गंमत अशी की ज्या कंपनीत ही कल्पना जन्मली, तिलाच तिची घाई नव्हती. आयएमएस चांगली विकली जात होती. तिच्या पोटावर पाय कोण आणणार? तरीही सॅन होजेमध्ये 'सिस्टिम आर' हा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. बॉइस त्याच वर्षी तरुण वयात वारला. आपली भाषा जगभर पसरलेली त्याने पाहिली नाही. आयबीएमचे पहिले रिलेशनल उत्पादन बाजारात यायला १९८१ उजाडले. त्याआधीच, १९७९ मध्ये, लॅरी एलिसन आणि त्याच्या सोबत्यांच्या लहानशा कंपनीने आयबीएमच्या प्रसिद्ध झालेल्या लेखांच्या आधारे ओरॅकल हा डेटाबेस विकायला काढला होता. पहिल्याच आवृत्तीला त्यांनी 'आवृत्ती २' म्हटले, कारण पहिली आवृत्ती विकत घ्यायला गिऱ्हाईक कचरते.

कल्पना बाहेर पडली, पण साधन अजून विकतचे आणि महागच होते. दुसरी वाट बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघाली. कॉडचे लेख वाचून मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी १९७३ च्या सुमारास 'इन्ग्रेस' हा प्रकल्प सुरू केला. तो युनिक्स चालणाऱ्या, तुलनेने लहान यंत्रांवर चालत असे. महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाममात्र खर्च घेऊन विद्यापीठ त्याची टेप पाठवत असे, मूळ कोडसकट. टेप आली की यंत्रावर चढवायची, कोड संकलित करायचा, अडले तर स्वतः वाचून दुरुस्त करायचा. डेटाबेस बसवणे हे कंपनीच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणालाही जमू शकते, हे या टेपांनी दाखवून दिले.

स्टोनब्रेकरने १९८६ मध्ये पुढचा प्रकल्प घेतला. इन्ग्रेसनंतरचा म्हणून नाव 'पोस्टग्रेस'. विद्यापीठाचे काम १९९४ मध्ये थांबले. एरवी अशा प्रकल्पांचे जे होते तेच याचे झाले असते: प्रबंध ग्रंथालयात आणि कोड अडगळीत. पण अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषा जोडली आणि तो इंटरनेटवर ठेवला. १९९६ मध्ये काही स्वयंसेवकांनी तो हाती घेतला आणि त्याचे नाव पोस्टग्रेस्क्यूएल झाले. या मंडळींत मार्क फोर्निये कॅनडात, ब्रूस मोमजियन आणि थॉमस लॉकहार्ट अमेरिकेत, तर वादिम मिखीव रशियातल्या क्रास्नोयार्स्कला. ना कंपनी, ना पगार. ईमेलवरून काम चाले. आज या कामात जगभरचे लोक आहेत. पोस्टग्रेसवर व्यवसाय करणाऱ्या एंटरप्राइझडीबी कंपनीचे पुण्यात केंद्र आहे, आणि मूळ कोडमध्ये भर घालणाऱ्यांत पुण्यात काम केलेले अभियंतेही आहेत.

दरम्यान यंत्राचा प्रश्न सुटत होता. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या ऑपरेटिंग प्रणालीची घोषणा केली. १९९२ मध्ये त्याने ती रिचर्ड स्टॉलमनच्या जीपीएल परवान्याखाली आणली. वापरा, वाचा, बदला, वाटा. मात्र पुढे वाटताना हेच हक्क पुढच्यालाही द्या, हे त्या परवान्याचे सार. घरच्या साध्या पीसीवर युनिक्ससारखी प्रणाली चालू लागली. विद्यापीठाच्या यंत्राची किंवा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरची गरज उरली नाही.

तरी त्या काळात डेटाबेस बसवणे म्हणजे एक संध्याकाळ घालवणे होते. कोडचा गठ्ठा उतरवायचा, उलगडायचा, आपल्या यंत्राला जुळवून घ्यायचा, संकलित करायचा. मध्येच एखादी लायब्ररी नाही म्हणून काम थांबायचे. ती आणावी तर तिला दुसरी लागायची. वेगळा वापरकर्ता स्वतः तयार करायचा, डेटाची जागा स्वतः आखायची, यंत्र सुरू झाले की सर्व्हरही सुरू व्हावा याची तजवीज स्वतः करायची. ही कटकट संपवली ती डेबियन (१९९३) आणि रेड हॅटसारख्या वितरणांनी. त्यांनी सॉफ्टवेअरची पॅकेजे बांधली, कोणत्या पॅकेजला कोणते लागते याची नोंद त्यातच केली. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये एपीटी आले आणि अवलंबून असलेल्या गोष्टी शोधून आणण्याचे काम माणसाकडून संगणकाकडे गेले. त्या एका ओळीतली 'एपीटी' ही अक्षरे म्हणजे पॅकेजे बांधणाऱ्या शेकडो लोकांची बिनपगारी मेहनत आहे.

याच काळात मायएसक्यूएल आला. १९९५ मध्ये मायकेल विडेनियस आणि डेव्हिड अॅक्समार्क यांनी अॅलन लार्सनच्या साथीने तो बाहेर आणला. विडेनियसच्या मोठ्या मुलीचे नाव 'मी', तेच या नावाच्या सुरुवातीला आहे. तो हलका, वेगवान आणि बसवायला सोपा होता. लिनक्स, अपॅची, मायएसक्यूएल आणि पीएचपी अशी चौकडी जमली. १९९८ मध्ये एका जर्मन मासिकातल्या लेखाने तिला 'लॅम्प' हे नाव दिले. त्याच वर्षी ओरॅकलनेही आपला डेटाबेस लिनक्सवर आणला. विद्यार्थ्यांचे खेळणे समजल्या जाणाऱ्या प्रणालीकडे बड्या कंपन्यांना यावे लागले.

यानंतर मालकीचा प्रश्न उभा राहिला. मायएसक्यूएल २००० पासून जीपीएलखाली होता, पण त्याचे हक्क एका कंपनीकडे होते. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली. मग ओरॅकलने सन घ्यायचे ठरवले. म्हणजे सर्वांत मोठ्या विकाऊ डेटाबेसच्या मालकाच्या हाती सर्वांत लोकप्रिय मुक्त डेटाबेस जाणार होता. विडेनियसने विरोधाची मोहीम उघडली, युरोपीय आयोगाने चौकशी केली, पण जानेवारी २०१० मध्ये व्यवहाराला मंजुरी मिळाली.

इथे परवान्याचा उपयोग दिसला. नाव विकले गेले, पण कोड वापरण्याचा आणि बदलण्याचा हक्क कुणी परत घेऊ शकत नव्हते. विडेनियसने त्याच कोडपासून नवा डेटाबेस सुरू केला आणि त्याला धाकट्या मुलीचे नाव दिले: मारियाडीबी. २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत आणि २०१७ मध्ये डेबियन ९ मध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आला. वापरणाऱ्या बहुतेकांना बदल जाणवलाही नाही. मालक बदलला म्हणून कुणाच्या नोंदी अडकून पडल्या नाहीत. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

इथवर सगळे गोड आहे. पण सोपेपणाची एक किंमत असते. कोणतेही सॉफ्टवेअर बसते तेव्हा अनेक निर्णय आपल्या वतीने कुणीतरी आधीच घेतलेले असतात. त्यांना 'डीफॉल्ट' म्हणतात.

२५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा किडा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका दोषातून घुसला. सुमारे ७५ हजार यंत्रे बाधित झाली, त्यांतली बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडले, अमेरिकेत एका बँकेची एटीएम बंद पडली. त्या दोषावरचा उपाय कंपनीने सहा महिने आधीच दिला होता. मग तो लावला का गेला नाही? एक कारण असे, की दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर त्या डेटाबेसची लहान आवृत्ती गुपचूप बसलेली असे. आपल्या यंत्रावर डेटाबेस सर्व्हर आहे हेच अनेकांना माहीत नव्हते. हे विंडोजवर घडले, पण धडा सगळ्यांसाठी होता. मायएसक्यूएलची जुनी आवृत्ती बसवली की मुख्य 'रूट' खात्याला पासवर्डच नसे, शिवाय निनावी खाती तयार होत. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ही सवय बदलली. पोस्टग्रेस आपणहून फक्त त्याच यंत्रावरून येणाऱ्या जोडण्या ऐकतो. बाहेरचे दार उघडायचे तर मालकाने ते समजून उघडावे लागते.

दुसरा डीफॉल्ट भाषेचा. मायएसक्यूएलची कंपनी स्वीडनची. त्यामुळे कित्येक वर्षे त्याची मूळ लिपी पश्चिम युरोपची आणि शब्दांचा क्रम लावण्याची पद्धत चक्क स्वीडिश होती. अशा तक्त्यात मराठी किंवा उर्दू नाव घातले की साठवली जात ती प्रश्नचिन्हे. नाव गेले ते गेलेच. त्या प्रश्नचिन्हांतून ते परत काढता येत नाही. यूटीएफ-८ निवडले तरी मेख होतीच. या पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, उर्दूच्या अक्षराला दोन. पण मोडी लिपीला चार. मायएसक्यूएलमधले 'यूटीएफ-८' तीनच बाइटचे होते. म्हणजे ज्या मोडीत महाराष्ट्राचे शेकडो वर्षांचे दप्तर लिहिले गेले, ती त्यात मावतच नव्हती. चार बाइटचा प्रकार मूळ निवड झाला तो २०१८ च्या ८.० आवृत्तीत.

तिसरी निवड तर सॉफ्टवेअरची नसून आपलीच असते: तक्त्याचे रकाने. 'नाव, वडिलांचे नाव, आडनाव' असे तीन रकाने आखले आणि तिन्ही सक्तीचे केले, की अनेक मुस्लिम कुटुंबांची पंचाईत होते. कुणाला आडनावच नसते, कुणाचे 'शेख' आधी लागते तर कुणाचे शेवटी. मोहम्मद, मुहम्मद, महंमद. एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन रूपे. कॉडने सांगितल्याप्रमाणे तक्त्यांचा संबंध मूल्यांनी लागतो. मूल्यात एका काना-मात्रेचा फरक पडला तरी संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. म्हणून नावाला कधीही ओळखीचा दुवा करू नये. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि नाव तो जसे सांगेल तसे लिहावे. जे माहीत नाही ते रिकामे ठेवता आले पाहिजे, हा आग्रह कॉडचाही होता. १९७९ च्या लेखात त्याने अशा अज्ञात मूल्यांचा सविस्तर विचार केला. रेशनसाठी, शिष्यवृत्तीसाठी, वारसनोंदीसाठी खेटे घालणाऱ्याला या एका रकान्याची किंमत ठाऊक असते.

शेवटची गोष्ट प्रतीची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीतल्या एका अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या यंत्रावरची पोस्टग्रेसची डेटा-जागा पुसली. पाच प्रकारच्या प्रतींची व्यवस्था होती, ऐनवेळी एकही नीट उपयोगी पडली नाही. एका प्रकारात तर प्रत घेणारे साधन पोस्टग्रेस ९.२ चे आणि चालू सर्व्हर ९.६ चा, म्हणून प्रत निघतच नव्हती. तसे कळवणारे ईमेलही मध्येच नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्या कामासाठी काढून ठेवलेली एक नक्कल सापडली. कंपनीने काहीही न लपवता सगळा अहवाल जाहीर केला, म्हणून आज आपल्याला हे कळते.

एवढ्या मोठ्या कंपनीचे असे होत असेल, तर गावातल्या वाचनालयाने किंवा ट्रस्टने काय करावे? बसवण्याचे काम कुणीही जाणकार तरुण तासाभरात करून देईल. त्याच वेळी त्याला चार गोष्टी विचारा. या सर्व्हरपर्यंत बाहेरून कोण पोहोचू शकते? मराठी आणि उर्दू नावे लिहून, पुन्हा उघडून पाहिली का? रोजची प्रत कोणत्या वेगळ्या यंत्रावर जाते, आणि त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून एकदा तरी पाहिले का? आणि तू गाव सोडून गेलास तर पासवर्ड आणि ही माहिती कुणाकडे असेल?

उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जमाखर्चाच्या वहीसोबत कपाटात ठेवा. दर वर्षी हिशेब तपासताना तोही तपासा.